बकुळीखालचा गोटा

तामसीच्या स्टँडवर समुंदराकडून आलेल्या एका तहसीलदारानं लावलेली बकुळ हाय. उन्हाळ्यात सारा साग उघडा पडते, पण बकुळ हिरवीच. तिच्या सावलीत जयवंताबाई बसची वाट पाहून राह्यली होती. बाजूले शाळेचे खुशाल गुरुजी अन् कापूसवाला चंपत.

“गुरुजी, बुडाशी शेंदराचा गोटा कोनं ठेवला?” चंपतनं इचारलं.

“हळू बोल. म्याच ठेवला.”

“तुमी? गोट्याले हात जोडू नका, हे तुमीच शिकवलं ना आमाले?”

“म्या कुठं जोडले? नुसता शेंदूर लावला. बसची शेड बांधाले पंचायत झाड तोडून राह्यली होती. सावलीसाठी सावली तोडत होते, चंपत.”

“मंग?”

“गोटा पाहून कुऱ्हाडवाले पाया पडले अन् वापस गेले. झाड वाचलं.”

“कालच्या सभेत तुमी नव्हते वाटते.”

“काऊन?”

“देव उघड्यावर हाय म्हणून मंदिर बांधाचं ठरलं. झाड मधात येते म्हणतात.”

“मंग तो गोटा उचल, चंपत.”

“मी? देवाले?”

“गोटा हाय तो.”

“मंग तुमीच उचला ना.”

बस आली. चढता चढता जयवंताबाईनं वळून पाह्यलं. गुरुजी गोट्यासमोर उभे होते, चपला बाजूले काढून.