आडाचं पाणी आन् तूरडाळ

माझं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी मुलूख, आन् सासर हे वळसंग. ती बाटली पिशवीत ठिवा की, दिसली मला, घरनं पाणी घिऊन आलाय, आमच्या पाण्यावर भरवसा न्हाय. राग न्हाय हं, मी बी तसलीच हाय. लग्न होऊन आले तवा सासूनं दोन घागरी म्होरं ठिवल्या, म्हणली एक मळ्यातल्या इहिरीची, एक वेशीजवळच्या आडाची, वळख. म्या चाखून गोड्या पाण्याची, आडाची दावली, तवापास्नं चूल माझ्याकडं आली. काय सांगू तुमाला, पाणी दिसाया सारखंच, माणूस फसतंय, पर तूरडाळ फसत न्हाय, जड पाण्यात दिवसभर उकळली तरी दाणा फुटायचा न्हाय.

मग बोअर आलं. पंचायतीतली माणसं म्हणली आड बुजवू, तितं दुकानाचे गाळे काढू, बोअरचं पाणी लई झ्याक हाय. गाळे कुणाच्या मेव्हण्याला जाणार ते मला ठावं हुतं. म्या पंचायतीच्या दारात दोन चुली मांडल्या, दोन्ही पाण्यात डाळ घातली, आन् एकेकाला दाणा चेपून बघायला लावला. बोअरची डाळ खड्यावानी. आड राहिला.

मागल्या उन्हाळ्यात सून म्हणली, आत्या, डाळ शिजंना. म्या म्हणलं, आडापतूर जायाचा कंटाळा, बोअरच्या नळाचं भरलं आसशील. ती न्हाय म्हणली, म्या म्हणलं खोटं बोलतीस. आठ दिस तिच्या घागरीवर डोळा ठिवला, शेजारणीला बी इचारलं. नवव्या दिशी तिनं आडाचा दोर माझ्या हातात दिला. म्या सोता पाणी शेंदलं, सोता चूल पेटवली, दुपारपतूर बसले, दाणा फुटला न्हाय. आडाच्या चारी अंगाला लोकांनी बोअर पाडल्यात, गोड पाणी तिकडं वढलं गेलं, आन् मी हितं सुनंवर पाळत ठिवून बसले. लई वंगाळ वाटलं मला.

नात शाळेचं पुस्तक वाचती, जगातलं निम्म्याहून जास्ती गोडं पाणी बर्फात हाय, उरलेलं बहुतेक भुईच्या पोटात. मी म्हणायची, कोण बघून आलंय? आता पटलं. भुईच्या पोटात हुतं तवर आमची डाळ शिजत हुती.

आता इकतच्या जारच्या पाण्यात शिजवतो. सून अजून पैला दाणा चेपून मला दावती, मी म्हणते दावू नगं बाई, तुझं खरं. व्हय, तिचं खरं, पर जारवाल्याचं न्हाय. देव तुमचं भलं करो, आन् जाताना ती बाटली हितंच ठिवून जा. शहरातनं, सात रस्त्यावरच्या घरनं भरून आणली म्हणता न्हवं? मूठभर डाळ टाकून बघते.