अर्ध्या विहिरीला दिलेला कान

लाईट बाराला येती म्हणत्यात आन येती एकला. तवर मोटरीकडं बघून काय उपयोग? बसा हितंच. शेकोटीत दोन काटक्या सारा. ए हरबा, त्यो मोबाईल खिशात घाल. मघाशी तूच म्हणलास न्हवं, टेंभीच्या पाऊलवाटेनं आलो म्हणून? शाणाच हायस. लांब पडतंय म्हणून सडक सोडली, व्हय ना? मंग आता गप बसायचं आन मी काय सांगतो ते ऐका समद्यांनी. मधी कुणी दात काढले तर मी उठून जाणार, सांगून ठेवतो.

ही ऐकीव न्हाई. माजी सोताची हाय.

तवा मी तिशीतला गडी. आमी विहिरी पाडायचं काम करत व्हतो, सुरुंगाचं. पाच माणसांची टोळी. रामोजी मुकादम, दोघं दगड वर वढणारे, मी, आन माजा मेव्हणा संभा. संभा म्हंजे माज्या बायकोचा, इठाबाईचा, एकुलता भाऊ. आईबाप ल्हानपणीच गेले, तिनंच त्याला कडंवर घेऊन वाढवला. माज्यासंगं कामावर धाडताना मला म्हणली व्हती, "अवं, माजं म्हायेर म्हंजे ह्यो एवढाच हाय. ध्यान ठेवा." मी म्हणलो, ठेवतो की.

आता आमच्या कामाची रीत सांगतो, ती नीट ऐका, न्हाईतर पुढं काय कळायचं न्हाई. विहिरीच्या तळाला खडकात भोकं पाडायची. त्यात दारू भरायची, वाती सोडायच्या. संभा खाली जाऊन वाती पेटवायचा आन दोराला धरून सरासरा वर यायचा. मंग समद्यांनी लांब पळायचं, झाडाआड बसायचं, कानात बोटं घालायची. एकानंच कानात बोटं घालायची न्हाईत. त्यो मोजायचा. पाच वाती पेटवल्या तर पाच बार उडायला पायजेत. चारच उडले तर एक आत जित्ता हाय, मंग दुसऱ्या दिवसापत्तर विहिरीत कुणी पाय टाकायचा न्हाई. मोजणारा एकच. त्यानं "पाच झाले, उतरा" म्हणलं की उतरायचं. दुसऱ्या कुणी हुज्जत घालायची न्हाई. दोघं मोजायला लागले की भांडणं लागत्यात, म्हणून ही रीत. आन आमच्या टोळीत मोजणारा मी व्हतो.

त्या सालच्या उन्हाळ्यात एक बार वेळेआधी उडला. मी आडोशाला पोचलोच नव्हतो. लागलं कायबी न्हाई, निसता धुरळा. पण कान वाजायला लागले. चीं... असं. बारीक. एकसारखं. म्हणलो, थांबंल सांजंपत्तर. सांजंला थांबलं न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई. म्हैन्यानं न्हाई.

हसू नगा. तुमाला वाटत असंल, कान वाजणं म्हंजे काय दुखणं हाय व्हय? दिवसा माणसांत कळत न्हाई. पण रातच्याला, गाव निजलं की, त्यो आवाज वर येतो. कूस बदला, वर येतो. उशी कानावर दाबा, आणखी वर येतो. तालुक्याच्या डाक्टरनं बॅटरी घालून कान बघितला आन म्हणला, "आतली नस दुखावलीय, औषध न्हाई. सवय करून घ्या. झोपताना जवळ कसला तरी बारका आवाज चालू ठेवा, म्हंजे ह्याच्याकडं ध्यान जाणार न्हाई." मला असा राग आला. कानात आवाज नको म्हणून आलो, आन ह्यो म्हणतो आणखी एक आवाज लाव.

मुकादमाला बोललो न्हाई. मोजणाऱ्याचे कान बिघडले म्हणल्यावर कोण ठेवतंय कामावर? इठाबाईलाबी धड सांगितलं न्हाई. निसता चिडचिड करायचो. ताट आपटायचो. एका राती तर उठून परड्यातल्या आडापाशी जाऊन उभा राहिलो. का उभा राहिलो ते माजं मलाच म्हाईत. ती मागनं आली, दंडाला धरलं आन आत घेऊन गेली.

तर असा सात म्हैने झोप नसलेला माणूस मी. मार्गशीर्षातली गोष्ट. आमचं काम करांजवाडीच्या माळावर चाललं व्हतं. संभा सामानाच्या राखणीला थांबला, मी एकटाच घराकडं निघालो. अंधार पडलेला. डोकं असं ठणकत व्हतं की म्हणलो, सडकेनं कोण जातंय दोन कोस, टेंभीच्या वाटेनं अर्ध्या तासात पोचतो.

त्या वाटेवर अर्धी विहीर हाय. हरबा, बघितलीस न्हवं आज? अर्धीच पाडलेली, पाणी न्हाई, काठाला बाभळी. ती सोडून का दिली ते आमच्या धंद्यातल्या समद्यांना ठावं व्हतं. दुसऱ्या एका टोळीचं काम व्हतं ते. मोजणारा चुकला, बिरू नावाचा गडी खाली उतरला, आन राहिलेला बार त्याच्या पायाखाली उडला. त्याला चादरीत गोळा करून वर आणला.

त्या विहिरीपाशी मी आलो आन माजे कान थांबले.

थांबले म्हंजे थांबले. कुणी चालती गिरणी बंद करावी तसं. मी जाग्यावर उभा. मला रातकिडे ऐकू आले. सात म्हैन्यात पहिल्यांदा. लांब कुठंतरी कुत्रं भुकलं, तेबी स्वच्छ ऐकू आलं. मी काठावर खाली बसलो आन ल्हान पोरावानी रडलो. खोटं कशाला सांगू, रडलो. बसल्या बसल्या डोळा लागला. जागा झालो तर पहाटंची चांदणी वर आलेली. उठून दहा पावलं टाकली, आन चीं... पुन्हा सुरू.

दुसऱ्या राती तुमी असता तर गेला नसता. मी गेलो. सडक मोकळी असताना गेलो. काठावर बसलो, कान थांबले. आन खालून कुणीतरी खोकलं.

कोरडी विहीर. मी इचारलं, "कोण हाय?"

"बसा की," खालनं आवाज आला. लई गोड आवाज, पाव्हण्याला बोलावं तसा. "झोप लागत न्हाई का?"

मला कळलं कोण हाय ते. मी काय दूधखुळा नव्हतो. पण उठलो असतो तर ती चीं पुन्हा सुरू झाली असती. म्हणून बसून राहिलो. भुतापाशी बसलो, पण निवांत बसलो. त्यो पुढं काय बोलला न्हाई. मी झोपलो.

तिसऱ्या राती त्यो आपणहून बोलला. "तायाप्पा, त्यो कानातला आवाज मला देऊन टाक. मला हितं लई मुकं मुकं होतं. काय ऐकूच येत न्हाई बघ. तुला नको हाय, मला पायजे हाय."

मी म्हणलो, "बदल्यात काय घेणार?"

"कायबी न्हाई. एक कान आज दे, एक उद्या. दोन्ही एकदम मला झेपायचे न्हाईत."

आता तुमी म्हणाल, म्हातारा येडा व्हता काय? व्हतो. सात म्हैने झोपू नगा आन मंग मला शाणपणा शिकवा. मी काठावर आडवा झालो आन डावा कान विहिरीवर धरला. खालनं काहीतरी गार वर आलं, ओल्या बोटावानी, आन कानात फिरलं. मी ओरडायच्या आत गेलं. डाव्या बाजूचा आवाज गेलता. वाटंला लागलो तरी तिकडनं कायबी न्हाई. उजवा तेवढा वाजत व्हता. म्हणलो, वाजू दे, उद्याच्या रातीपत्तरच हाय.

सकाळी इठाबाई माज्या डाव्या अंगाला उभी राहून भाकरीचं इचारत व्हती. तीनदा इचारलं म्हणं. मी तोंडाकडं बघितलं तवा कळलं ती बोलतीय. डावा कान निसता मुका झाला नव्हता, मेला व्हता. आवाज काढायच्या नावाखाली त्यानं कानच काढून घेतलता. पण तरीबी मनात हेच, की उजव्याचीबी कटकट आज मिटंल. एवढ्या थराला मी पोचलो व्हतो.

त्या दिवशी दुपारी पाच वाती पेटवल्या. संभा वर आला, पळाला, बाभळीआड बसला, कानात बोटं घातली. मुकादमानं घातली, दोघा गड्यांनी घातली. मी वीस पावलांवर दगडाआड पालथा.

एक. उजव्या कानात बसला, आन आतली चीं दुप्पट झाली. बार झाला की ती नेहमीच अशी चवताळायची. दोन. आणखी वाढली. तीन. डोळ्याला पाणी आलं. चार. मस्तक फुटतं का काय असं झालं.

मंग पाचवा. मोठा. खणखणीत. मी सवयीनं वरडलो, "पाच झाले, उतरा."

समद्यांनी कानातली बोटं काढली. संभा उठला, धोतर झटकलं, विहिरीकडं निघाला. मी उठतोय, आन मला काहीतरी खटकलं. उजव्या कानातली चीं उतरत चालली व्हती. चौथ्या बारानं चढली व्हती, ती आता हळूहळू खाली येत व्हती. पाचवा एवढा मोठा झाला, तर ती पुन्हा चढायला पायजे व्हती. चढली न्हाई. असं सात म्हैन्यात कधी झालं नव्हतं. त्या एका गोष्टीत तिनं मला कधी फशिवलं नव्हतं.

मंग मी पाचवा ऐकला कुठं?

ऐकला डाव्या कानानं. मेलेल्या कानानं. त्यो कान ज्याच्यापाशी व्हता, त्यानंच त्यात बार वाजवला व्हता.

"संभा, मागं फिर." मी वरडत पळालो. त्यानं दोर धरलेला, एक पाय खाली टाकलेला. मान वळवून हसतोय, "दाजी, तुमीच तर म्हणलासा पाच झाले." मी म्हणलो, "चारच. वर ये, चारच." त्याला वाटलं मी गंमत करतोय. त्यानं दुसराबी पाय सोडला. मी काठावर अंग टाकलं, हाताला त्याची शेंडी आन कॉलर आली, तीच धरली, आन होती नव्हती ती ताकद लावून वढला. दोघं मागं पडलो. पाठ जमिनीला टेकली आन खालचा पाचवा उडला.

दगड आमच्या वरनं गेले. एक संभाच्या टाचंचं मांस घेऊन गेला. तेवढंच. माणूस उरला.

धुरळा बसला तवा संभा माज्याकडं बघत व्हता. काय बोलत व्हता ते मला ऐकू येत न्हाई. चीं अशी उसळली व्हती की दुसरं काय शिरायला जागाच नव्हती. मी त्याला पोटाशी धरून बसलो.

मुकादमाला समदं सांगितलं. त्यानं त्याच दिवशी मोजायचं काम काढून घेतलं, बरंच केलं. घरी सडकेनं गेलो, संभाला खांद्याचा आधार देऊन. इठाबाईलाबी सांगितलं. आडापासनं विहिरीपत्तर समदं. ती भिताडाला टेकून ऐकत राहिली. मंग म्हणली, "कान वाजत व्हते तर मला का सांगितलं न्हाई? माज्या भावाला मातीत घालाय निघाला व्हतासा, पण बायकोपाशी बोलाय लाज वाटली?" दोन दिवस ताट म्होरं सरकवायची आन निघून जायची. तिसऱ्या राती मडक्याला बारकं भोक पाडून माज्या उशाला टांगलं, खाली पितळी थाळी ठेवली. टप. टप. रातभर. म्हणली, "ह्याच्याकडं ध्यान द्या. त्याच्याकडं देऊ नगा." डाक्टर तेच सांगत व्हता की. पण तिनं केलं म्हणून मी ऐकलं. एकदम झोप आली असं न्हाई. पैल्यांदा घटकाभर, मंग दोन घटका. आताबी रातच्याला चार तास मिळत्यात. आवाज हायच. आता बोलतोय तवाबी हाय. त्याच्यासंगं राहायचं जमवलंय, गोडी न्हाई पण जमवलंय.

तर हरबा, टेंभीच्या वाटेनं जायचं न्हाई. दिवसा न्हाई, सांजंला तर न्हाईच. आन कुणाचे कान वाजत असतील, मोटरीनं, ट्रॅक्टरनं, कशानंबी, त्यानं तर त्या अंगाला बघायचंसुदिक न्हाई. घरी सांगा, डाक्टरला दावा, उशाला पाणी टांगा. पण जिथं गेल्यावर एकाएकी समदं गप होतं, तिथं बसू नगा.

मी चाळीस सालात तिकडं गेलो न्हाई. पण ठरल्याप्रमाणं उजवा कान द्यायला मी गेलो न्हाई हे त्यो इसरला न्हाई. माज्या ह्या डाव्या कानाला बंदूक उडवली तरी कळत न्हाई. पण रातचं मडकं भरणारी इठाबाई गेली त्या सालापासनं, उशाचं मडकं रिकामं झालं की पहाटंच्या टायमाला त्याच कानात कुणीतरी खोकतं. मंग लई गोड आवाजात इचारतं, "तायाप्पा, उजवा कवा आणतोस?"

मी उठतो, मडकं भरतो, आन उजव्या कानातली चीं ऐकत उजाडायची वाट बघतो.