बरणीतले सोंडे

एमएस्सीला माझा प्रोजेक्ट काय होता सांगते, पण हसू नका. तांदळातल्या सोंड्यांची संख्या किती वेगाने वाढते, तो दर काढायचा होता. घरीच एका बरणीत तांदूळ घालून थोडे सोंडे सोडले आणि दर रविवारी मोजायला लागले. जन्मले किती, मेले किती, यावरून दर काढायचा. वाकोल्याच्या आमच्या चाळीत सगळे म्हणायचे, पोरगी वाया गेली.

पण दर आला भलताच. आमच्या मॅडमनी आलेख पाहिला आणि चष्मा काढला.

"अगं, या वेगाने वाढायला एकेका मादीला दिवसरात्र अंडी घालावी लागतील. आकडे मनाने लिहिलेस ना?"

मी रडकुंडीला आले. खोटे आकडे दिले असं ठरलं असतं तर वर्षच गेलं असतं. घरी येऊन परत मोजले, तर सोंडे आणखी वाढलेले.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. ती मालवणीतच बोलायची. म्हणाली, "पुरतत ना गो?"

"काय पुरतात?"

"सोंडे. रेशनच्या तांदळात गावतत ते मी तुझ्या बरणीत टाकतंय. फुकट कित्याक घालवूचे? शेजारची काकू पण आणून देता."

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ओठ दाबून हसू आवरलं. मग म्हणाल्या, "जन्म धरलेस, मृत्यू धरलेस, बाहेरून येणारे धरलेच नाहीस. मुंबईतच राहतेस ना तू?"