मुलाच्या खांद्यावरचा म्हातारा

मिनियापोलिसच्या म्युझियममध्ये इटालियन पोर्सलिनचं प्रदर्शन पाहून मी कोट परत घ्यायच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक मराठी वडील आणि त्यांची मुलगी बोलत होते.

"बाबा, त्या एका पुतळ्यापाशी किती वेळ थांबलात."

"चिनीमातीचा आहे, पण चकाकी नाही त्याला."

"मुद्दाम झिलई देत नसत. जुन्या रोमन संगमरवरी पुतळ्यांसारखा दिसावा म्हणून."

"म्हणूनच चेहरा नीट दिसला. चकाकता असता तर दिसला नसता."

"कुणाचा, त्या मुलाचा?"

"त्याच्या खांद्यावर बसलेल्या बापाचा. मुलगा पुढे बघतोय आणि म्हातारा मागे."

"त्या जुन्या गोष्टीत मागे त्यांचं शहर जळत होतं, बाबा. मुलानं वाचवलं त्याला."

"वाचवलंच. तक्रार नाहीच त्याची."

"तुम्हाला नागपूरला जायचंय का?"

"तुझी आई गेली आणि तू मला लगेच इकडे आणलंस. चांगलंच केलंस, बाळा. पण घराला कुलूप तू लावलंस. मी टॅक्सीत बसलो होतो."

"तुम्ही तिथे एकटे राहणार याची मला भीती वाटत होती."

"मलाही वाटते."

"मग तुमच्या ग्रीन कार्डचा अर्ज कॅन्सल करू?"

"ते नंतर बघू. आधी एकदा जाऊन येऊ दे."

"एकटे नाही जायचं. मी सुट्टी घेते, मार्चमध्ये जाऊ."

"चल. तुझ्या आईचं कपाट मला एकट्याला उघडवणार नाही."