होडी उघडली त्या दुपारी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि या सभागृहाच्या किल्ल्या उशाशी घेऊन झोपणारे श्री. काल्यू, मुहू बेटावरून समुद्र ओलांडून आलेल्या प्रमुख पाहुण्या साल्मेबाई, त्यांच्या शेजारी नव्या कोटात अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती हेल्डूर, त्यांच्या रानातल्या शाळेचे आजी-माजी विद्यार्थी, आणि भाषणं संपून धुरावलेले मासे कधी मिळतात याची वाट बघणारे माझे गावकरी,

काल्यूंनी मला बजावलंय, "उर्वे, थोडक्यात आटप." थोडक्यात आटपणारी बाई गावात दुसरी कुणी नव्हती का, हे त्यांनाच ठाऊक.

हेल्डूरांबद्दल काय सांगू? त्यांनी आम्हाला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर पटकन उत्तर देता येत नाही. ओल्या रानात भूर्जाच्या सालीवर जाळ कसा धरायचा, हे शिकवलं. फांद्यांचा आडोसा करून त्याखाली कोरडं कसं झोपायचं, हे शिकवलं. आणि लाकूड. माझा नवरा गेला त्याच्या पुढच्या वसंतात मी त्यांच्या तळावर गेले. घरात कुणी आवाजच करत नव्हतं, तिथे निदान लाकडावर वाकस चालल्याचा आवाज होता. मी पहिला चमचा कोरला आणि त्याला तळाशी भोक पडलं. हेल्डूरांनी तो उजेडात धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "बटाटे खायला उत्तम. सूपाच्या नादी लागू नकोस." तो चमचा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. बटाटेच खाते मी त्याने.

आमच्यात कोण नव्हतं? तार्तूहून दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, बस चालवणारा आइन यायचा, बेकरीतल्या जुळ्या बहिणी यायच्या. रानात कुणी कुणाचं काय काम करतं ते विचारायचं नाही, फक्त ढलप्या कशा पडतात ते बघायचं. जाड पडल्या तर हसायचं. पाचव्या ऋतूत, नदी कुरणांवर चढून घरांच्या पायऱ्यांशी येते तेव्हा, आम्ही आमच्याच कोरलेल्या होडीतून झाडांमधून फिरायचो. वल्हं थांबवलं की खाली आभाळ, वर आभाळ, मध्ये आपण. आइन एकदा म्हणाला, की आपण मेलो असू आणि कुणी सांगायला विसरलं असेल. त्यावर जुळ्या बहिणी इतक्या हसल्या की होडी कलंडली, मग पाणी थंड आहे म्हणजे आपण जिवंत आहोत अशी सगळ्यांची खात्री पटली. माझी मात्र अजूनही पुरती पटलेली नाही. सकाळी उठल्यावर कधी कधी वाटतं, मी तिथेच आहे.

भरकटले का? काल्यू घड्याळ बघतायत. मुद्द्यावर येते.

साल्मेबाई आपल्या भावाला, म्हणजे हेल्डूरांना, बरीच वर्षं बेटावर बोलावत होत्या. त्यांचे यजमान गेले, गुडघे गेले, मेंढ्या मात्र राहिल्या. दर वर्षी हेल्डूर म्हणायचे, एवढी होडी होऊ दे, मग येतो. गेल्या शरदात त्या इथे येऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशीच बसल्या. तेव्हा हेल्डूरांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की या लोकांनी माझ्याशिवाय एक होडी उघडली की मी निघालो.

"आणि फाटली तर?" साल्मेबाईंनी विचारलं.

"तर दुसरं झाड शोधावं लागेल. त्यांना असं अर्ध्यात टाकून कसा येऊ?"

एवढं जाड, सरळ, गाठ नसलेलं, होडीला लागणारं मऊ लाकडाचं हाबचं झाड म्हणजे काय चीज असते, हे इथे कुणाला सांगायला नको. ते शोधायचं, थंडीत पाडायचं, कोरायचं. म्हणजे फाटली तर वर्ष गेलंच.

थंडीभर आम्ही खोड कोरलं. बाहेरून ठोकलेल्या सारख्या लांबीच्या खुंट्यांची टोकं आतून दिसली की तिथे हात थांबवायचा, म्हणजे भिंत सगळीकडे सारखी पातळ राहते. एवढं आम्हाला येत होतं. पण होडी उघडणं वेगळं. पोटात पाणी भरायचं, दोन्ही बाजूंनी जाळ लावायचा, लाकूड मऊ पडेल तशा आतल्या आडव्या काठ्या काढून लांब काठ्या बसवत जायचं. दोन्ही काठ हळूहळू बाहेर झुकतात. बाकीचे आगीशी आणि पाण्याशी गुंतलेले असतात, एकच माणूस टोकाशी बसून नुसतं बघतो आणि वेळ आली की म्हणतो, "पुरे." त्याआधी थांबलं तर होडी अरुंद होते, एक काठी जास्त बसली तर उभी चिरते. हा शब्द आजवर हेल्डूरांचा होता.

होडी उघडायची त्या दुपारी साल्मेबाई मुद्दाम पुन्हा आल्या होत्या; हेल्डूर मला म्हणाले, "उर्वे, तू बस." आणि स्वतः बहिणीजवळ, होडीकडे पाठ करून बसले.

आता तुम्हीच सांगा, मला का बसवावं? मला हेल्डूर आवडतात. हे गावाला ठाऊक आहे, आणि हेल्डूर ठोंबे नसतील तर त्यांनाही ठाऊक असावं. मी "पुरे" म्हटलं नाही, नुसती गप्प बसले, तरी होडी चिरणार आणि ते आणखी वर्षभर राहणार होते. कुणी मला दोषही दिला नसता. पहिल्याच खेपेला कुणाला जमतं?

धूर होडीवरून पाण्यासारखा वाहत होता. काठ झुकत होते, इतके सावकाश की ते झुकतात की मला झोप येतेय ते कळेना. लाकूड आतून कुरकुरायला लागलं. आइनच्या हातात पुढची काठी तयार होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मी साल्मेबाईंकडे पाहिलं. त्या मोजा विणत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस, बाई. लाकडाकडे बघ."

मी लाकडाकडे पाहिलं. इतकं सुंदर झालं होतं ते. आणि मी म्हटलं, "पुरे."

जाळ ओढून काढले. हेल्डूर उठले, होडीभोवती एक फेरी मारली, दोन्ही काठांवरून हात फिरवला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आणखी एक काठी बसली असती, तर फाटली असती."

"ठाऊक होतं मला," मी म्हटलं.

त्यांनी काठावर एकदा थाप मारली. मग बहिणीला म्हणाले, "चल, सामान बांधायला घेऊ."

तेव्हा मंडळी, हेल्डूर उद्या जातायत ते बेटाने बोलावलं म्हणून नव्हे, वय झालं म्हणून नव्हे. पुढे कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा.

सभागृहाला ऊब देणाऱ्यांचे, मासे धुरावणाऱ्यांचे, आणि भाऊ मागायला येऊन माझ्यावर डोळे न रोखणाऱ्या साल्मेबाईंचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात काही चुकलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर सांभाळून घ्या. आणि हेल्डूर, जे चारचौघांत बोलायला नको होतं ते बोलून गेले असेन, तर तेवढ्याची माफी मात्र मी मागणार नाही.