बोकड कुठला?

संशयी माणसं तुम्ही पाहिली असतील, पण आमच्या दादाच्या सासऱ्यांची सर कुणाला नाही. एक्क्याण्णव साली ते मुलगा बघायला पनवेलला आमच्या घरी आले. दादा बोटीवर नोकरीला. त्यानं कौतुकानं एका जुन्या ग्रीक पोथीचं पान दाखवलं.

"चर्चमध्ये यातून बायबल वाचायचे. आठशे वर्षांपूर्वीचं, बोकडाच्या कातड्यावर लिहिलेलं."

"कशावरून?"

सासरे भजनात पखवाज वाजवणारे, कातड्याची पारख असलेले! पान उजेडात धरलं, हुंगलं, नखानं टिचकी मारली आणि चहाही न घेता निघून गेले.

आई दादावर उखडली, "मोडलं लग्न, तुझ्या त्या पानापायी!"

पण होकार आला. लग्नाच्या पंगतीत मी त्यांना विचारलं, "पान पटलं ना?"

ते कानाशी येऊन म्हणाले, "कातडं खरं आहे. पण बोकड पनवेलचाच!"