मनवाचे बाजारभाव आणि टर्रर्र

...नाही, पण गाडीला तरी मी किती दोष देणार, तुम्हीच सांगा, गाडी आमच्या मनवापेक्षा वयानं मोठी, तिला नावं ठेवायची तर आधी आपल्याला लाज वाटायला हवी... आणि वाटतेय मला लाज, तुम्हाला सांगतो, लेकीसमोर जेवायला बसलो की घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो.

झालं काय, की मनवाला रेडिओवर काम मिळालं. हंगामी हां, बोलावलं तर जायचं, पण रोज सकाळी दहा मिनिटं बाजारभाव आणि हवामान वाचायचं. त्या वेळी आमची शोभा असते तिच्या शाळेत, वर्गावर, आणि मी असतो सावेडीहून पारनेरच्या रस्त्याला लागलेलो, तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे ना मी. म्हणजे घरातलं ऐकणारं माणूस मी एकटा, मोबाईलला तिकडे डोंगरात रेंज नाही, म्हणजे साधन एकच, गाडीतला रेडिओ.

पहिल्या दिवशी लावला. "नमस्कार, मी मनवा..." आणि टर्रर्र. पाय दाबला की टर्रर्र चढतंय, पाय काढला की उतरतंय, जसं काही पोरीला बाजूला सारून इंजिनच बसलंय बाजारभाव वाचायला. कांदा... टर्रर्र... ज्वारी... टर्रर्र... आणि पारनेर आलं. संध्याकाळी घरी येतो तर पोरगी दारातच. "बाबा, ऐकलंत?"

आता त्या चेहऱ्याला काय सांगायचं हो? म्हटलं, छान झालं गं.

आणि असं आहे, की हे एकदा म्हटलं ना, की रोज म्हणावं लागतं. रोज टर्रर्र, रोज छान झालं गं.

मग मन खायला लागलं, म्हणून गाडी नेली सूर्यभानकडे. गाड्यांचं वायरिंग करतो तो. तो म्हणाला, एरियल गेलंय. एरियल बदललं, टर्रर्र. मग म्हणाला, डायनॅमो. काढला, साफ केला, बसवला, टर्रर्र जसंच्या तसं. शेवटी हात पुसत म्हणतो, "सर, लई जुनी हाय गाडी. आता गानी मोबाईलवरच ऐकत जावा." म्हटलं, अरे गाणी नाहीत, माझी मुलगी आहे त्यात... बिचारा कितीतरी वेळ त्या रेडिओकडे बघत राहिला.

इथवर तरी ठीक होतं. पण एक दिवस मनवा म्हणाली, बाबा, नुसतं छान छान नका म्हणू, चुका सांगा. आता ज्यानं ऐकलंच नाही त्यानं चूक कुठून आणायची? मग जेवढं खरं होतं तेवढं सांगितलं, की जरा आवाज चढव, भाव नीट कळत नाहीत. पोरीनं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी टर्रर्रच्या वरून कांदा जरा ऐकू आला, मी खूश! घरी येऊन म्हटलं, आज छान झालं गं, पण अजून थोडा. मग रोज अजून थोडा, अजून थोडा... आणि हे सांगतोय कोण? जन्मभर वाचनालयात पोरांना "हळू बोला" म्हणत आलेला माणूस! तिचा घसा बसला, शोभानं ज्येष्ठमध दिलं, आणि मी काय म्हणालो असेन? हवा बदललीये, म्हणालो.

रविवारी मात्र राहवेना. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, आणि शोभाच्या हातात दिला शेजाऱ्यांकडून मागून आणलेला बॅटरीवरचा छोटा रेडिओ, म्हटलं, फिरव हळूहळू सगळीकडे. बॅटरीपाशी नेला, गप्प. डायनॅमोपाशी, जरा कुरकुर. स्पार्क प्लगच्या वायरींपाशी नेला मात्र, असा कोकलला की शोभा दोन पावलं मागे! आणि त्या वायरी बसवल्या होत्या कुणी? मीच, गेल्या दिवाळीत, स्वस्तात मिळाल्या म्हणून. उगाच सूर्यभानच्या नावानं बोटं मोडत होतो. मग चांगल्यातल्या आणल्या, रेडिओला त्रास न देणाऱ्या, प्लगसुद्धा तसलेच, आणि बसवले.

सोमवारी निघालो. पाय दाबला, टर्रर्र नाही. अजून दाबला, नाही. आणि मनवा आली... तुम्हाला सांगतो, मी करकचून ब्रेक मारला. पोरगी ओरडत होती हो! पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला शेळ्या वळवायला सांगावं तशी कांद्याचे भाव सांगत होती. "हवामान कोरडं राहील" हे असं, की ऐकणाऱ्यानं पोराबाळांना घेऊन घरात पळावं.

संध्याकाळी दारात कुणी नाही. आत बसली होती, भिंतीकडे बघत. केंद्रावरच्या सत्यशीला मॅडमनी बोलावलं होतं म्हणे तिला. तक्रारी आल्यात, कोपरगावच्या कुणा काकासाहेबांनी तर फोन करून सांगितलं, "त्या ताईंना म्हनावं, आमी बहिरे न्हाई." पुढच्या महिन्यात बोलवायचं की नाही ते बघू, असं मॅडम म्हणाल्या. आणि मग मनवा मला सांगते, "मी म्हटलं त्यांना, माझे बाबा रोज ऐकतात. त्यांनीच सांगितलंय आवाज चढवायला, ते उगाच नाही सांगणार."

मग सांगितलं. सगळं सांगितलं, टर्रर्रपासून वायरींपर्यंत. मनवा अगदी हळू म्हणाली, "दहा मिनिटं गाडी बंद करून ऐकलं असतंत तर, बाबा?"

अहो, खरंच की. इंजिनचा आवाज तो, इंजिन बंद की रेडिओ स्वच्छ. मी वायरी धुंडाळत बसलो आणि किल्ली माझ्याच हातात होती! घाई होती म्हणे मला. कसली घाई, तिथे पुस्तकं काय माझी वाट बघत उभी असतात?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मॅडमना भेटून आलो. हसल्या. आणखी एक महिना दिलाय त्यांनी, आणि मनवा आता बोलते तशी बोलते, नेहमीच्या आवाजात. गाडीत सगळं स्वच्छ ऐकू येतं, तरी मी भाळवणीला लिंबाखाली गाडी रोज थांबवतो. बंद करतो. दहा मिनिटं ऐकतो. आता जुनी गाडी ती, एकदा बंद केली की चालू होताना आढेवेढे घेते, मग तिथल्या चहावाल्या लंकाबाई चार माणसं बोलावतात ढकलायला. काल म्हणाल्या, "सर, रोज हितंच कशी ओ बंद पडती तुमची गाडी?" म्हटलं, पडत नाही, मी बंद करतो, माझी मुलगी बोलत असते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "ते बरंच हाय. पर पोरगी तुमची, आन् ढकलायला आमची मानसं व्हय?"

खाली मान घातली आणि धक्क्यासाठी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.